ठिणगी येत नाही

५ ऑगस्ट १९८४, रविवार

आज सकाळी मोटार सुरू झाली नाही. काल झाली होती. परवा तर पहिल्याच झटक्यात झाली होती. म्हणजे तिला सुरू होता येतं, फक्त व्हायचं नाही. तासभर हँडल मारून माझा हात खांद्यातून निखळायची वेळ आली आणि बाईसाहेबांनी नुसतं खाकरल्यासारखं केलं.

ही डायरी औषधकंपनीच्या माणसाने संत्र्याच्या फवारण्या लिहून ठेवायला दिली होती. फवारण्या गुणवंताच्या लक्षात राहतात. तो आमचा सालदार, सालाने ठेवलेला गडी, बावीस वर्षं आमच्याकडेच आहे. आजपासून हिच्यात मोटारीचे गुन्हे लिहायचे.

गाडी बासष्ट सालची आहे. छिंदवाड्याच्या एका रिटायर ओव्हरसियरकडून मे महिन्यात घेतली. "एका हाताने वापरलेली आहे," असं तो म्हणाला होता. कोणत्या हाताने, ते विचारायला हवं होतं.

मुलगी प्रमिला बाळंतपणाला घरी आली आहे. सप्टेंबरअखेरचे दिवस आहेत. गाव डांबरी रस्त्यापासून दीड कोस आत, पावसाळ्यात एस.टी. फाट्यावरसुद्धा नेमाने थांबत नाही. मोटार घेतली ती या एकाच कामासाठी. त्या दिवशी ती सुरू झालीच पाहिजे. बाकी वर्षभर गोठ्यात कोंबड्या बसवल्या तिच्यावर तरी मी बोलणार नाही.

६ ऑगस्ट

चारही प्लग काढले. काजळीने चुलीच्या बुडासारखे झाले होते. तारेच्या ब्रशने घासले, पेट्रोलने धुतले, परत बसवले. गाडी सुरू झाली आणि अंगणातून फाटकापर्यंत गेली. तिथे धक्के देऊन बंद पडली.

प्लगची वायर धरून बघितली तर असा झटका बसला की चष्मा उडाला. गुणवंता म्हणाला, "मालक, थे लाथ मारून राहिली. भुकेली असन." त्याला बागेत जायला सांगितलं. प्रमिला ओसरीवर हसत होती. या घरात माझ्या झटक्यावर सगळे हसतात.

९ ऑगस्ट

पांढुर्ण्याहून मुकुंद मिस्त्री फटफटीवर आला. मे महिन्यात यानेच मला गाडी चालवायला शिकवलं, म्हणून विश्वास. त्याने तंबाखू मळत मळत इंजिनाचा आवाज ऐकला, पाच मिनिटं, आणि निकाल दिला: "काकाजी, डेलको."

डेलको म्हणजे इंजिनाच्या कुशीतला काळा डबा. बॅटरीची वीज त्यात येते आणि तिथून चार प्लगांना वाटली जाते. त्याच्या झाकणाला म्हणे केसाएवढी भेग आहे. हवेत ओल असली की वीज त्या भेगेतून पळते. "नवं झाकण आणा नागपूरहून. हे पावसाळ्यात कवा दगा देईन, सांगता नाही येत."

मी दोन वेळा चष्मा पुसून बघितलं. भेग नाही. माझ्या चष्म्यातून न दिसणारी भेग याला तंबाखू मळता मळता दिसली! लुटायचे धंदे. चहा पाजला आणि वाटेला लावला.

१२ ऑगस्ट, रविवार

जेवताना बायको, मनकर्णा, म्हणाली, "त्या मोटारीपायी एवढा कायले जीव काढता? नसन चालत तर केशवरावायची जीप हाय न समोर."

ताटावरून उठलो. अर्धी भाकर राहिली.

आता लिहूनच ठेवतो, म्हणजे पुन्हा कोणी विचारू नये. केशवराव आमच्या समोर राहतात. मधे फक्त रस्ता. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हेमंतचं लग्न होतं. अख्ख्या गावाला केशवराव स्वतः घरोघर जाऊन आमंत्रणाची अक्षत देऊन आले. माझ्या घरी अक्षत कोणी आणली? त्यांच्या सालदाराने! पोळ्याला बैलांना जेवणाचं आवतण द्यायचं, तेही घरधनी स्वतः देतो. मी बैलापेक्षा खाली? त्या दिवसापासून बोलणं नाही. ते म्हणाले म्हणे की त्या दिवशी त्यांना ताप होता. ताप काय फक्त माझ्या दारापुरता आला होता?

आणि जीपचं म्हणाल तर गेल्या सप्टेंबरात सगळं कळलं. प्रमिलाला सकाळी दहाला कळा सुरू झाल्या. वाहनाचा विचार करण्यात थोडा वेळ गेला, तो जायचाच. जीप समोर त्यांच्या आवारात उभी होती. माणुसकी असती तर ते आपण होऊन आले असते. कोणी आलं नाही. बाराला बैलगाडी जुंपली. पांढुर्णा चार कोस, चिखल, बैलांनी सव्वातीन तास लावले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोन तास आधी आणलं असतं तर मूल वाचलं असतं."

दोन तास. बैलांनी जरा पाय उचलले असते तर! दसऱ्याच्या आत ती जोडी लोधीखेड्याच्या बाजारात विकून टाकली. गुणवंता दोन दिवस जेवला नाही आणि प्रमिलाने सासरहून पत्र पाठवलं, त्यात एकच ओळ: "बाबा, बैल का विकले?" का म्हणजे? तिच्यासाठीच विकले. मी उत्तर लिहिलं नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन झाल्यावर मनकर्णाला बसवून मोहगावपर्यंत गाडी नेऊन दाखवावी, असं ठरवलं. दोन कोस गेली. नाल्याच्या अलीकडे तिने तीन आचके दिले आणि मेली. वरून भुरभुर पाऊस.

मी बॉनेट उघडून उभा, तेवढ्यात मागून केशवरावांची जीप आली. हळू झाली, आमच्या पुढे जाऊन थांबली. इंजिन चालू ठेवून चांगली पाच मिनिटं उभी होती. मी बॉनेटमधून डोकं वर काढलं नाही. मजा बघायला थांबले असणार, दुसरं काय. मनकर्णा म्हणाली, "अवो, थांबले न थे." मी म्हटलं, "दिसतं मला." मग जीप गेली.

शेतातली चार माणसं बोलावून गाडी ढकलत घरी आणली. मनकर्णा छत्री घेऊन सगळ्यांच्या मागे चालत होती आणि घरापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. हा राग माझ्यावर कशाला? गाडीवर काढावा.

२३ ऑगस्ट

आता मुकुंदाला बोलवा आणि हे वाचून दाखवा. मी शिस्तीत बसून विचार केला. गाडीला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा, ठिणगी. पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत येतं, नळी काढून बघितलं. हवेची जाळी साफ आहे. राहिली ठिणगी. डेलकोचं झाकण काढलं, आतून पुसलं, चुलीपासून हातभर अंतरावर अर्धा तास शेकलं. पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन तुकडे, काचपेपरने घासले, दोन पॉइंटांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी ठेवली.

गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली! फाट्यापर्यंत जाऊन आलो. दोनदा.

तेव्हा भेग नव्हती, ओल होती. ओल आणि भेग यांत फरक आहे. पण तो मिस्त्री लोकांना परवडत नाही.

प्रमिलाला म्हटलं, "आता तू निश्चिंत राहा." ती म्हणाली, "मी निश्चिंतच हाव बाबा. तुम्हीच रोज तिथं डोकं घालून राहता." तिची पावलं सुजली आहेत. मनकर्णा तिला पाटावर पाय ठेवून बसवते.

२५ ऑगस्ट, शनिवार

उद्या पोळा. दुपारी ऊन पडलं म्हणून डेलकोचं झाकण पुन्हा काढून ओट्यावर उन्हात ठेवलं. सावधगिरी म्हणून. गाडी बॉनेट उघडं टाकून गोठ्यात उभी.

आत येऊन बघतो तर प्रमिला चुलीवर तूप गरम करते आहे आणि त्यात हळद. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, आज खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी जू घेऊन घेऊन सोललेल्या बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची. बावन्न वर्षं पाहतो आहे, मला सांगते! पण घरात बैल कुठे आहेत? मी म्हटलं, "बैल नाहीत, तूप कशाला नासता?" गुणवंता पळसाची पानं घेऊन दारात उभा होता, त्याने मान खाली घातली. मनकर्णा म्हणाली, "नासत नाही कोणी. तुम्ही बाजारात जा."

संत्र्याच्या पेट्यांचं बघायला गेलो. परत आलो तेव्हा दिवस मावळला होता आणि लाईन गेली होती. चाचपडतच झाकण बसवलं. घरात तुपाचा वास. उद्याच्या पुरणाचा असेल.

२६ ऑगस्ट, पोळा

गाडी ठार मेली. खाकरतसुद्धा नाही.

आज गावात ज्यांच्याकडे बैल आहेत ते सगळे बैल सजवून पोळ्याच्या तोरणाखाली गेले. मी गोठ्यात बॉनेटमध्ये. प्लग काढून वायर इंजिनाजवळ धरली, गुणवंताने हँडल मारलं. ठिणगी नाही. चारही वायरी. नाही. बॅटरी ठीक, दिवे लख्ख लागतात. कॉइल बदलून बघावी तर कॉइल पांढुर्ण्यात. गुरुवारी फाट्यापर्यंत दोनदा गेलेल्या गाडीला तीन दिवसांत काय होतं? कोणीतरी काहीतरी केलं असणार. कोण, ते शोधून काढीन.

तोरणाकडचे ढोल ऐकू येत होते. दारावर एकही बैल ओवाळून घ्यायला आला नाही. आमच्याकडे बैल नाहीत म्हणून इतरांनी आपले आणू नयेत असा काही नियम आहे का? पुरणाचा घास गोड लागला नाही.

२७ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ८

सापडलं. डेलको उघडला. आत पॉइंटांवर, फिरत्या कांडीवर, सगळीकडे पिवळं चिकट ग्रीस माखलेलं! पॉइंटांच्या मधे ग्रीस असलं तर ठिणगी काय, तिचा बापही येणार नाही. माझ्याखेरीज डेलकोला हात लावला तो फक्त मुकुंदाने, ९ तारखेला; २३ ला मी पुसलं तेव्हा ते कुठेतरी आत दडलेलं असणार. भेग नाही म्हटलं म्हणून सूड! आणि ग्रीसही कसलं, तर खवट तुपासारखा वास मारणारं.

त्याला पोस्टकार्ड लिहिलं आणि घरात मोठ्याने वाचून दाखवलं: "आपण केलेल्या कृत्याचा पिवळा पुरावा माझ्यापाशी आहे." आज पांढुर्ण्याला गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा, सगळं गाव तिकडेच असेल. उद्या टाकीन.

पेट्रोलने धुतलं, पण आतवर गेलं आहे. कपड्याने पुसतो आहे. प्रमिला दारात येऊन बघून गेली. तिचा चेहरा उतरला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझी थट्टा केली नाही.

२८ ऑगस्ट, मंगळवार. सौंसर

काल साडेनऊला कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी.

मी गोठ्यातच होतो. मनकर्णा धावत आली. मी म्हटलं, पंधरा मिनिटं दे, ग्रीस निघत आलं आहे. हँडल मारलं. मारलं. मारलं. गुणवंता मारायला लागला. एकदा फुटकन आवाज झाला आणि कार्बोरेटरमधून धूर आला, बस. पांढुर्ण्याला जाऊन उपयोग नव्हता. गोटमारीच्या दिवशी तिथला रस्ता माणसांनी बंद आणि दवाखाना फुटक्या डोक्यांनी भरलेला. सौंसर गाठायचं, म्हणजे आठ कोस. मी म्हटलं, अजून पाच मिनिटं.

मनकर्णा समोरच्या फाटकाकडे बघत उभी राहिली. मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

तेव्हा प्रमिला बाहेर आली. एक हात भिंतीला, एक कमरेला. अंगण उतरली आणि फाटकाकडे चालायला लागली. मी विचारलं, कुठे? ती थांबली नाही. म्हणाली, "तुमाले जमत नाही न बाबा. मीच हाक मारते समोरच्या काकाजीले." दोन पावलं गेली आणि खाली बसली. पुन्हा उठली.

मी तिच्या पुढे धावलो. पान्हा हातात होता, तो घेऊनच रस्ता ओलांडला. त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी फक्त "केशवराव" म्हटलं.  ते ओसरीवर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. त्यांनी वस्तरा ठेवला, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि जीपमध्ये बसले.

गाडी चालवतात कशी, हे सांगायलाच हवं. खड्डा दिसला की सोडत नाहीत. मी दोनदा म्हटलं, हळू. त्यांनी साबणासकट मान वळवली, "हळू का जोरात, एक सांगा." गालावरचा साबण मोहगावपर्यंत वाळून गेला.

मागे प्रमिलाचं डोकं मनकर्णाच्या मांडीवर होतं. मोहगाव गेल्यावर एक कळ ओसरली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मुकुंदभाऊले कार्ड नका टाकू. थे मीच लावलं."

मला कळेना. म्हणाली, "खांदशेकणी. बैल तर नाही राहिले. मले जे नेणार, त्याचा तरी खांदा शेकावा, आवतन द्यावं. गुणवंताकाका म्हणे मोटारीले खांदा कुठी असते? मी म्हटलं बाबा रोज जिथं हात लावून राहते, तिथंच दुखत असन तिले."

संताप आला. खरंच आला. डेलकोत तूप! बासष्ट साली ज्याने ही गाडी बनवली त्याने सगळ्याचा विचार केला असेल, याचा केला नसेल. बोलायला तोंड उघडलं आणि तिला पुन्हा कळ आली. तिने माझा हात धरला आणि सौंसर येईपर्यंत सोडला नाही. बोटं अजून दुखतात.

साडेअकराला पोचलो. पावणेएकला मुलगी झाली. लहान आहे, साडेचार पौंड, पण रडते चांगली. घरात कोणावर जाणार ते दिसतंच आहे. नर्सबाई म्हणाल्या, वेळेवर आणलं.

२९ ऑगस्ट. घरी

मनकर्णा तिच्यापाशी थांबली आहे. मी काल संध्याकाळी केशवरावांबरोबर परत आलो. ते रात्रभर दवाखान्याच्या बाकावर होते, अर्धी दाढी तशीच. मी जा म्हटलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

मोहगावच्या पुढे मला राहवलं नाही. आभार मानायचे होते, पण माझ्या तोंडून निघालं ते हेच: "गेल्या वर्षी का नाही आले?"

त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"यशवंतराव, गेल्या साली पोरीचा आवाज मले ऐकू येऊन राहिला होता. मी जीप फिरवली, तोंड रस्त्याकडे केलं, किल्ली लावली आन् आत बसून राहिलो. म्हटलं यशवंतराव एक हाक मारन. एक. हेमंतच्या अक्षतेचं माह्यं चुकलं होतं, म्हणून आपण होऊन यायची हिंमत नाही झाली, तुम्ही हाकलून द्याल म्हणून. मंग तुमची बैलगाडी माह्या फाटकापुढून गेली. मी जीपमंदीच होतो."

मी म्हटलं, "बोलायचं होतं."

"तुमालेबी बोलायचं होतं का नाही?"

मग त्यांनी गाडी सुरू केली. 

आज दिवसभर डेलको धुतला. संध्याकाळी प्लगवर ठिणगी आली, निळी, चांगली लांब. झाकण उजेडात धरलं तेव्हा भेगही दिसली. वरच्या बाजूला, केसाएवढी. मुकुंदाला लिहिलेलं कार्ड चुलीत टाकलं. नवीन झाकण मागवतो आहे.

१२ तारखेला मी वर लिहिलं आहे की वाहनाचा विचार करण्यात थोडा वेळ गेला. थोडा नव्हे. दहा ते बारा. आणि विचारही केला नव्हता. बैल जुंपायला तयार होते, गुणवंता दोनदा विचारून गेला होता. मी ओट्यावर बसलो होतो, केशवरावांच्या फाटकाकडे बघत, ते येतात का म्हणून. ते जीपमध्ये बसून माझ्याकडे बघत होते. मधे रस्ता, वीस पावलांचा. बैल तर त्या दिवशी पळत गेले होते, चिखलात, तोंडाला फेस येईपर्यंत.

आणि ते दोन तास आत प्रमिला ओरडत होती.